खोटं बाळसं

आमच्या अन्नपूर्णेच्या देवळाकडच्या महिला मंडळाचा अंक निघतो. यंदाचा विषय ठरला, लहान मुलांची प्रतिकारशक्ती नैसर्गिकरीत्या कशी वाढवावी. मंडळाच्या दोघी घरी आल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुमच्या वेळचे काढे, गुट्या, घरगुती उपाय एक पानभर लिहून द्या." मी मराठी शाळेत चौथी शिकलेली. पण एक पान मला पुरणार नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं.

काढ्याची कृती यात नाही. माझी नात पिंकी तीन वर्षांची असताना एका नैसर्गिक उपायाने मरता मरता वाचली, ते यात आहे. तो उपाय तिला माझ्या हाताने मी चाटवला. ज्याने तो बनवला त्याला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. क्षमेबद्दल वाचायचं असेल तर अंकात दुसरं काहीतरी असेल.

कार्ड

तेव्हा आम्ही मिलच्या मागच्या चाळीत राहत होतो. आमचे हे मिलमध्येच होते, ते गेल्यावर मुलगा दिलीप साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, लागला. मग मिल बंद पडली. आधी म्हणाले महिनाभर, मग म्हणाले दिवाळीनंतर, मग कुणी काही म्हणेना. भोंगा वाजायचा थांबला, तेव्हा वेळ कळायला आम्ही घड्याळ घेतलं.

पगार गेला त्याचं सगळे बोलतात. मिलचा दवाखाना गेला, त्याचं कुणी बोलत नाही. आमच्याकडे पिवळं कार्ड होतं. ते दाखवलं की डॉक्टर तपासायचे, मुलांना लशीचे टीके लागायचे, खोकल्याची बाटली मिळायची. मिलबरोबर ते कार्डही मेलं. पिंकीचे शेवटचे दोन टीके तेव्हाच राहिले. सरकारी दवाखान्यात फुकट लागत होते, पण तिथे अर्धा दिवस लाइन. दिलीप पहाटे पीथमपूरच्या बसला जायचा, नव्या कारखान्यात रोजंदारीवर. सून सुनीता सेव-नमकीनच्या कारखान्यात पाकिटं भरायला. घरात मी आणि पिंकी. मी म्हटलं, जाऊ पुढच्या महिन्यात. गेले नाही. ही माझी पहिली चूक.

पोर सारखी आजारी. सर्दी, खोकला, अंगात बारीक ताप. पानात घेतलेलं तसंच ठेवायची. मी सहाणेवर गुटी उगाळून दिली, ओव्याची पुरचुंडी शेकली. दिलीपला मी वाढवलं ते याच सगळ्यावर. पिंकीला काही उतार पडेना.

वसंता

मिलच्या दवाखान्यात वसंता नावाचा कंपाउंडर होता. आमच्या ह्यांचं बोट साच्यात सापडलं होतं, तेव्हा त्यानेच धरून बसून टाके घालून घेतले. त्याला सख्खी बहीण नव्हती. त्या वर्षीपासून दर भाऊबीजेला तो माझ्याकडे यायचा आणि मी त्याला ओवाळायची. बावीस वर्षं.

मिल बंद झाल्यावर त्याने मल्हारगंजात एक गाळा घेतला. बाहेर पाटी लावली, वैद्य. कंपाउंडरचा वैद्य कसा झाला, हे आमच्यातल्या कुणी विचारलं नाही. ज्याने आमच्या पुरुषमाणसांच्या जखमा बांधल्या, त्याला काय विचारायचं. तो आपला होता. बाहेरचा कुणी असता तर मी दहा प्रश्न केले असते.

मी पिंकीला घेऊन गेले. त्याने तिची जीभ पाहिली, पापणी ओढून पाहिली. म्हणाला, "ताई, हिच्यात ताकदच नाही. रोग येतो आणि घर करून बसतो. ही पुडी सकाळी मधात चाटवा. सगळं वनस्पतीचं आहे. पुष्य नक्षत्राला या, त्या दिवशीच्या पुडीत सुवर्ण घालतो."

मी विचारलं, "गरम तर पडणार नाही ना?"

"नैसर्गिक आहे, गरम काय पडणार. एकच पथ्य. डॉक्टरकडे गेलात तर या पुडीचं बोलू नका. त्यांचं औषध आणि माझं औषध भांडतं, आणि त्यांना आमचं नाव सहन होत नाही."

तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं. आता कुणी असं वाक्य बोललं की मी त्याच्या तोंडाकडे नीट बघते, पुढे ओळखता यावं म्हणून.

चार पोळ्या

आठ दिवसांत खोकला गेला. पंधरा दिवसांत पिंकी मागून मागून खायला लागली. मोठ्या माणसासारख्या चार पोळ्या. गाल वर आले, पोट सुटलं, हनुवटीखाली घडी पडली. चाळीतल्या बायका गाल ओढायच्या. मी सांगायची, "आमच्या वसंताची पुडी." आमच्यात पोराने बाळसं धरलं की संपलं, पुढे कुणी काही तपासत नाही. गुटगुटीत म्हणजे निरोगी. मी दृष्ट काढायची रोज.

सुनीताला मात्र खटकत होतं. एकदा पिंकीला फ्रॉक घालताना म्हणाली, "आई, बटणं लागत नाहीत, पण लांबी बघा, आहे तेवढीच. वर्ष झालं हा शिवून."

मी म्हटलं, "आधी आडवी वाढेल, मग उभी."

"आणि पाठीवर लव किती आलीये. कपाळावर पण."

"तुझ्या माहेरची असेल."

ती बरोबर होती आणि मी सासू होते.

मी तेवढ्यावर थांबले नाही. चाळीतल्या आणखी चार घरच्या बायांना मी स्वतः मल्हारगंजात नेलं. वसंता मला पाहून म्हणायचा, "आमच्या ताई आल्या, स्टूल द्या त्यांना." आणि मी बसायची, मान ताठ करून.

पुड्या संपल्या

सहा महिने असे गेले. दसऱ्याच्या सुमारास वसंता कुलदेवीला गेला, खानदेशात, दहा-बारा दिवसांसाठी. गाळ्याला कुलूप. आमच्या पुड्या संपल्या. मी म्हटलं, एवढी सुदृढ पोर, आठ दिवसांनी काय होतंय.

तिसऱ्या दिवशी ती उठेना. ओकारी, जुलाब. चौथ्या दिवशी अंगाला हात लावला तर गार, घामाने ओलं. ते गोबरे गाल तसेच, आणि मान मात्र टाकलेली. सुनीता कामावर न जाता तिला मांडीवर घेऊन बसली. मी अजून लिंबू-साखर-मीठ करत होते. दुपारी सुनीता उठली, पोरीला खांद्यावर टाकलं आणि मला न विचारता चालू लागली. मी मागे धावले. टेम्पोत बसल्यावर ती फक्त एवढंच बोलली, "आता मी नेईन तिकडे जायचं."

सरकारी मोठ्या अस्पतालात लहान मुलांच्या वॉर्डात घेतलं. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होती, हिंदी बोलणारी. तिने सलाईन लावलं, रक्त घेतलं. मला विचारलं, "अम्मा, बच्ची को घर पे क्या देते हो? कोई दवाई, कोई चूरन?"

मी म्हटलं, "कुछ नहीं. घर का खाना."

हे मी का केलं? वसंताने सांगितलं होतं म्हणून, आणि तो माझा भाऊ होता म्हणून. आणि खरं सांगायचं तर सुनीता शेजारी उभी होती म्हणून. तिच्यासमोर मला चूक ठरायचं नव्हतं. तिला पुडी माहीत होतीच, पण तिला वाटत होतं ती च्यवनप्राशासारखं काहीतरी असेल, औषध नाही, म्हणून तिनेही तिचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीण पुन्हा आली. सलाईन चाललं होतं, इंजेक्शनं चालली होती, तरी पोरीचं अंग गरम होईना. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा माझं तेच उत्तर. म्हणजे एक अख्खा दिवस आणि एक रात्र माझी नात मरत होती आणि मी माझी अब्रू राखत होते. यावर कुणी पांघरूण घालू नये म्हणून स्वच्छ लिहिते.

दुपारी तिने पिंकीला कुशीवर वळवलं. पाठीवरची लव पाहिली. दंड धरून पाहिला, दोन बोटांत मावला. गाल एवढे आणि दंड असा. तिने स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "अम्मा, मैं डाँटूँगी नहीं. ये बच्ची शाम तक नहीं रुकेगी. सच बताओ."

मी पुडीचं सांगितलं. सहा महिने, रोज सकाळी, मधात. पाच दिवसांपूर्वी संपल्या.

तिने लगेच सिस्टरकडे वळून इंजेक्शनचं नाव सांगितलं, आणि ते दिलं. दिवे लागायच्या आत पिंकीने पाणी मागितलं.

नंतर तिने मला समजावलं, ते माझ्या शब्दांत असं. पुडीत वनस्पती असतील-नसतील, पण स्टिरॉइडची गोळी वाटलेली असणार. त्या गोळीने भूक लागते, तोंड सुजतं, लोकांना वाटतं पोर भरली. आतून शरीर स्वतःची ताकद बनवायचं विसरतं. पुडी अचानक थांबली की पोर कोसळते. म्हणून जे विष बाहेर काढायचं, तेच आधी तिला द्यावं लागलं आणि मग महिनोन्महिने कणाकणाने कमी करावं लागलं. फोटो काढला तेव्हा छातीत टीबीची गाठ निघाली. तो पहिला बारीक ताप, तो खोकला, ते हेच होतं. पुडीने खोकला झाकला आणि आत गाठीला रान मोकळं करून दिलं. जे ताकदीच्या नावाने चाटवलं, त्याने रोगाशी लढायची ताकदच काढून घेतली.

वॉर्डातले दिवस

अठरा दिवस. एका खाटेवर दोन पोरं, डोकी उलट्या दिशांना. सकाळी सहाला फिनेलचा वास, मग वजनकाटा, मग दूध आणि ब्रेड. आत एकच बाई राहू शकायची. सुनीता राहायची. कारखान्याने तिचं काम दुसरीला दिलं. मी दिवसभर बाहेर पायरीवर. तिने मला अडवलं नव्हतं, पण आत ये म्हणालीही नव्हती.

एका दुपारी डबा घ्यायला बाहेर आली तेव्हा तिला राहवलं नाही. "आई, तुम्ही शेजारणीला वाटीभर साखर द्यायची तर चारदा विचार करता. आणि माझ्या पोरीच्या तोंडात कुणीही दिलेली पूड घालत राहिलात. डॉक्टरने दोनदा विचारलं. दोनदा."

मी म्हटलं, "हो."

"हो काय?"

"हो म्हणजे हो. दोनदा विचारलं."

बहुतेक ती भांडायच्या तयारीने आली होती. डबा घेऊन आत गेली.

शेजारच्या पोराची आई खरगोनकडची होती. ती मला पायरीवर ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी आणून द्यायची, काही न विचारता. त्या अठरा दिवसांत मला तेवढंच चांगलं आठवतं.

दिलीप पीथमपूरहून थेट यायचा. सगळं कळल्यावर तो मल्हारगंजात जाऊन वसंताला फोडायला निघाला. मी त्याचा शर्ट धरला. "मारलंस तर तो बिचारा होईल. लोक त्याची बाजू घेतील. तू गप्प राहा, हे माझं आहे."

वसंता तोवर परत आला होता. पोर तापाने अस्पतालात आहे एवढंच त्याला कळलं. त्याने चाळीतल्या बाईच्या हाती नव्या पुड्या पाठवल्या, आणि निरोप, घरी आली की लगेच सुरू करा. मी त्यातली एक डॉक्टरीणबाईंना दिली. त्यांनी तपासायला पाठवली, कागद वर गेला, पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. बाकीच्या मी ठेवल्या.

त्या अठरा दिवसांत मी आणखी एक काम केलं. ज्या चार घरी मी पुडी पोचवली होती त्या चारही घरी गेले आणि काय झालं ते सांगितलं. पुडी आजच्या आज बंद करू नका, आधी पोरांना घेऊन अस्पतालात चला, असं म्हटलं. दोघींनी ऐकलं. दोघी म्हणाल्या, "आजी, तुमच्या पोरीला टीबी होता, त्यात पुडीचा काय दोष? आमची पोरं तर मस्त आहेत." त्यांचंही बरोबर होतं. मी पण असंच म्हटलं असतं.

ओवाळणी

दिवाळीच्या आदल्या दिवशी पिंकीला घरी सोडलं. भाऊबीजेला मी वसंताला निरोप धाडला, दरवर्षीसारखा ये, यंदा सुनेला आणि नातवाला पण आण. त्या चार घरच्या बायांनाही फराळाला बोलावलं. सुनीताला काही सांगितलं नाही. ती पिंकीला घेऊन आतल्या खोलीत होती.

तो आला. नवा सदरा. त्याची सून साधी मुलगी होती, कडेवर दोन वर्षांचा नातू, सडसडीत, चपळ, लाडवाकडे झेपावणारा. मी पाट मांडला, निरांजन लावलं, वसंताला ओवाळलं. त्याने ताटात साडी ठेवली.

मी ती उचलून बाजूला ठेवली. "वसंता, यंदा साडी नको. मागेन ते घालशील?"

"ताई, तुम्ही मागा तर."

मी ताटात मधाची वाटी ठेवली आणि त्याचीच पाठवलेली पुडी. "ही तुझ्या नातवाला माझ्यासमोर चाटव. सडपातळ आहे, ताकद येईल."

तो हसला. म्हणाला, "त्याला काय गरज आहे, ताई."

"पोरांना ताकदीची गरज नसते का? दे की. नैसर्गिक आहे."

त्याच्या सुनेला यात काहीच वावगं वाटलं नाही. तिने पुडी उघडली, मधात बोट फिरवलं आणि ते बोट पोराच्या तोंडाजवळ नेलं. आणि वसंताने तिच्या हातावर फटका मारला. वाटी उलटली, मध फरशीवर पसरला.

एका चाटणाने काही होत नाही, हे मी डॉक्टरीणबाईंना आधीच विचारून ठेवलं होतं. वसंताला ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी त्याचा हात गेला. आपल्या रक्ताच्या पोराला त्यातला एक कणही नको, हे त्याच्या हाताने सांगितलं, आणि चौघी बायांनी पाहिलं. ज्या दोघी माझं ऐकत नव्हत्या त्यातली एक उठली. चप्पल पायात सरकवली. ती थेट आपल्या पोराकडे गेली.

वसंताची सून मधाने भरलेलं बोट तसंच धरून उभी होती. तिने विचारलं, "बाबा, यात काय आहे?"

मी म्हटलं, "सांग तिला. डॉक्टरला सांगू नको असं आम्हाला सांगितलंस, निदान घरात तरी सांग."

तो माझ्याकडे वळला. "ताई, माझीही नोकरी गेली होती. मला दुसरं येतंय काय? आणि पोरं धष्टपुष्ट होत होती, लोक पाया पडत होते."

"माझ्या दिलीपची पण गेली. तो पीथमपूरला पोती उचलतो."

"पिंकीला एकदा बघू द्या."

आतल्या खोलीच्या दारात सुनीता उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याआधी बोलली. "बघायला ती तुमची कोण?" आणि तिने मला आत येऊ दिलं, मग दार लावून घेतलं.

दोन आठवड्यांत मल्हारगंजातल्या गाळ्याला कुलूप लागलं. कुणी पोलीस आले नाहीत, कुणी अधिकारी आला नाही. चाळीतल्या बायका रोज जाऊन गाळ्याच्या पायरीवर पोरांना घेऊन बसायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगायच्या. मी पण बसायची. तो गाव सोडून गेला. काही वर्षांनी निरोप आला, अंगावरून वारं गेलं आहे, ताईला भेटायचं म्हणतो. मी गेले नाही. तो वारला तेव्हा मला बरं वाटलं. लोक म्हणतात असं बोलू नये. मी लिहितेच आहे.

विचारलंत म्हणून

पिंकीला टीबीच्या गोळ्या अनेक महिने चालल्या, एकही चुकू दिली नाही. राहिलेले टीके दिले, लाइनीत उभं राहून. ती उंचीला कमीच राहिली, ते भरून आलं नाही. आता तिला स्वतःची मुलगी आहे.

त्या डॉक्टरीणबाईंना मी घरी येताना विचारलं होतं, मग ताकदीला काय देऊ? त्या म्हणाल्या, रोटी-दाल, अंडा, नींद, टीका. मला वाटलं चेष्टा करतात. नव्हत्या करत. बाळाला सहा महिने नुसतं आईचं दूध. पुढे आपल्या पानातलं मऊ करून, डाळ, भाजी, जमलं तर अंडं, शेंगदाण्याचा कूट. सकाळी गच्चीवर उन्हात खेळू द्यायचं. लवकर झोपवायचं, टीव्ही बंद करून. हात धुवायचे. घरात विडी ओढायची नाही. दिलीपला मी बाहेर गल्लीत उभं केलं, पावसात सुद्धा. टीके वेळेवर. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, पोराचं वजन वाढेना, तर तपासायला न्यायचं, आणि विचारलं ते सगळं खरं सांगायचं, सासू शेजारी उभी असली तरी. याहून नैसर्गिक मला काही माहीत नाही. धोत्र्याचं बीसुद्धा नैसर्गिकच असतं.

आता त्या पुड्यांचे डबे झाले आहेत. वर हसरं बाळ, हिरवं पान, आणि मोबाइलवर मागवले की घरी येतात. काही डबे साधेच असतील. मला डब्याशी भांडण नाही. पण जो कुणी तुमच्या हातात पोरासाठी काही ठेवेल आणि वर म्हणेल की हे डॉक्टरला सांगू नका, त्याचं दुकान कुठे आहे ते मला येऊन सांगा. मंडळात माझं घर सगळ्यांना माहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, पण रिक्षाने येईन. पोराला आधी डॉक्टरकडे नेऊ, मग त्याच्याकडे. मी दारातच बसेन. संध्याकाळपर्यंत मला घाई नसते.